दादाच्या बोटीवरचा पंप

मे महिन्यातल्या एका दुपारी बोटीचे शेठ जव्हारला आमच्या दुकानात आले. मी एका विहिरीच्या मोटरची जळलेली तार सोडवत बसले होते. शेठ उन्हातून आले होते, तरी पाणी मागितलं नाही. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, बोटीवर डेक धुवायचा पंप बसवायचाय. खाऱ्या पाण्याचा. कुठला घेऊ ते तू सांग."

माझा मोठा भाऊ, माझा दादा, त्यांच्याच बोटीवर खलाशी होता. त्याआधीच्या हिवाळ्यात डेक धुवायला समुद्रातून बालदीनं पाणी काढताना तो पडला आणि गेला.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आता?"

शेठनी मान खाली घातली. "आता कशाला, असं तुला वाटणारच. पण ऑगस्टला बोट परत पाण्यात जाईल. त्या जागेवर कोणीतरी उभा राहील. आणि बोट यंदा लवकर वर ओढलीय, वर आहे तोवरच तिच्या तळाला भोक पाडता येतं. एकदा पाण्यात गेली की मग नाही होत."

माझा नवरा आतल्या खोलीत काम करत होता. तो बाहेर आला, शेठना त्यानं ओळखलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. शेठ पाणी प्यायले. मग तांब्या हातातच धरून म्हणाले, "तो मला दोनदा बोलला होता. शेठ, पंप बसवू या, शेजारच्या बोटीवर आहे तसा. मी म्हटलं, बघू. दोन्ही वेळा तेच म्हटलं."

हे मला माहीत नव्हतं. दादा घरी आला की समुद्रातल्या गमती सांगायचा. त्याला कशाची भीती वाटते, काय हवंय, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

आमचं घर सूर्यमाळच्या डोंगरावर, एका पाड्यात. भात थोडं, नाचणी थोडी. वर्षभर पुरत नाही, म्हणून पाड्यातली माणसं खाली जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी ठाण्याकडं बांधकामावर, कोणी बोटींवर. बाबा गेल्यावर दादा बोटीवर जायला लागला. भाताची आवणी उरकली की ऑगस्टात उतरायचा आणि मे संपताना वर यायचा. मधे दिवाळीला, होळीला जमलं तर. पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. परत आला तेव्हा आई त्याला विचारत होती, "केवढा आसतो रं?" त्यानं अंगणातून समोरच्या डोंगरांकडं हात फिरवला आणि म्हणाला, "ह्ये समदं काढून टाक, तिथं पानी भर. तेवढा."

मला जव्हारला आयटीआयला घातलं ते त्यानंच. आई म्हणत होती, पोरीनं तारा जोडून काय करायचं. दादा म्हणाला, "पाड्यात मोटर बिघडली की मानूस ती डोक्यावर घेऊन जव्हारपर्यंत जातो. आपल्या घरातच कोणीतरी असू दे की." माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन तो खोडाळ्याच्या जीपपर्यंत चालत आला होता. जीप सुटताना खिडकीत तोंड घालून म्हणाला, "बाय, शॉक लागू देऊ नको." जीपमधली सगळी माणसं हसली. मला लाज वाटली होती.

पुढं मी आणि नवऱ्यानं मिळून मोटरी दुरुस्तीचं दुकान टाकलं. दादा जव्हारला आला की तासभर तिथं बसायचा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा, आणि मी काम करते ते बघायचा. बोटीवरचं काम तो तेव्हाच सांगायचा. जाळं वर आलं की मासळी डेकवर ओततात. बोंबील, मांदेली, कोळंबी, वेचून वेगळी करायची. त्या मासळीचं पाणी इतकं चिकट की पाय ठरत नाही. म्हणून वेचणी झाली की लगेच डेक धुवायचा. पाणी समुद्राचंच. दोरीला बालदी बांधायची, कडेला उभं राहून टाकायची, ओढून घ्यायची. "विहिरीवर काढतो तसंच," तो म्हणायचा. "फकत विहीर पळत असते."

तो कसा गेला ते आम्हाला त्याच्या सोबतच्या खलाशानं सांगितलं. हा खलाशी वावर गावाकडचा, दादाहून वयानं मोठा, बरीच वर्षं दोघं एकाच बोटीवर. दादाला पाड्यावर आणलं तेव्हा तोही गाडीतून आला होता. सगळं उरकल्यावर आमच्या अंगणात, खाली बघत बसला आणि आईनं विचारल्यावर त्यानं सांगितलं.

सकाळची वेळ होती. बोट बंदराकडं परत निघालेली. हवा चांगली होती, समुद्र शांत. मासळी बर्फात भरून झाली होती आणि दादा डेक धुवत होता. बंदरात पोचायची घाई होती म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलानं ती जोरात सोडली होती. ओल्या हातातून दोरी निसटते, म्हणून दादानं ती मनगटाला गुंडाळली होती. सगळेच गुंडाळायचे. बालदी पाण्यात पडली, भरली, आणि चालत्या बोटीच्या वेगानं तिला असा झटका बसला की दादा उभ्यानं कडेवरून गेला.

"वरडला बी नाय," तो म्हणाला. "मी पाठमोरा होतो. पान्याचा आवाज आला. वळून बघितलं तं जागा रिकामी."

बोट वळवली. बाकीच्या बोटीही आल्या. दादाला पोहता येत होतं, वाघ नदीच्या डोहात त्यानंच मला पोहायला शिकवलं होतं. पण थंडीचे दिवस, अंगात जाड कपडे, आणि मनगटाला भरलेली बालदी. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका बोटीला तो सापडला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "पानी काढत होता?"

"व्हय."

"निस्तं पानी?"

आई उठून आत गेली.

आता शेठ समोर बसले होते आणि मला पंप विचारत होते. खरं सांगायचं तर त्यांना हाकलून द्यावं असं मला वाटलं. दादा मागत होता तेव्हा तुम्हाला बघू म्हणता आलं, आणि आता जव्हारपर्यंत आलात. पण मी त्यांच्याकडं पाहिलं. दहाव्याला हाच माणूस आमच्या पाड्यावर आला होता आणि कोणी बस म्हणेपर्यंत कुंपणाबाहेर उभा होता. मी पक्कड खाली ठेवली आणि विचारलं, "बोटीवर बॅटरी किती व्होल्टची?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यात दोन पंपांचे फोटो होते. एक फोटो मला लगेच ओळखू आला. आमच्याकडं फवारणीच्या पाठीवरच्या टाकीत असतो तो छोटा बॅटरीचा पंप. महिन्याला दोन-तीन तरी माझ्याकडं दुरुस्तीला येतात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हाच घ्या, स्वस्त आहे, जोरही आहे.

"जोर आहे," मी म्हणाले. "पण याचे स्क्रू साध्या लोखंडाचे. औषधाच्या पाण्यानंच गंजतात, खाऱ्या पाण्यात तर आठवडा नाही टिकणार. आणि तार बघा, साधी तांब्याची. खारी हवा लागली की आतून हिरवी पडते. बाहेरून चांगली दिसते आणि एक दिवस अचानक बंद."

"बंद पडला तर?" शेठनी विचारलं.

त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. बंद पडला तर खलाशी पुन्हा बालदी उचलणार.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आजवर पंप निवडताना मी पाणी किती लांबून आणायचं, किती वर चढवायचं, वीज किती लागेल, एवढंच बघत आले. इथं मला एकच गोष्ट हवी होती. तो बंद पडता कामा नये. कंपन्यांची माहिती फोनवर काढून वाचली. दुकानात काम थांबलं तर नवऱ्यानं सांभाळून घेतलं. तो फक्त एकदाच म्हणाला, "एवढं का लावून घेतेस?" मी म्हणाले, "मग कोण लावून घेणार?" त्यानं चहा करून आणला.

बंदराजवळ बोटीच्या सामानाचं एक दुकान होतं. शेठनी मला तिथं बोलावलं. मी जव्हारहून एसटीनं उतरले. दादा ज्या रस्त्यानं वर्षानुवर्षं जायचा त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच जात होते. विक्रमगड मागं पडलं, डोंगर संपले, आणि पुढं हवेला ओला, खारट वास यायला लागला. दादाच्या पिशवीला, त्याच्या गोधडीला हाच वास असायचा. मी खिडकी लावून घेतली.

दुकानदारानं काउंटरवर तीन पंप मांडले. सगळ्यात मोठा पुढं सरकवला. "हा घ्या मॅडम, एकदम दणकट." मी म्हणाले, शेठच्या बोटीची बॅटरी लहान, तिच्यावरच दिवे आणि वायरलेस चालतात. याला एवढी वीज दिली तर बाकीचं बंद पडेल. दुसऱ्याच्या आत फिरणारं रबराचं चक्र होतं. पाणी आलं नाही तर ते घासून जळतं. चालत्या बोटीत नळीत हवा शिरणारच, त्यामुळं तो बाजूला ठेवला. तिसरा मधल्या आकाराचा, बारा व्होल्टचा, आत रबरी पडदे असलेला. हा आपलं पाणी आपण ओढून घेतो, वरून भरावं लागत नाही. थोडा वेळ कोरडा चालला तरी जळत नाही. नळीच्या तोंडाचा चाप सोडला की आपोआप थांबतो, दाबला की सुरू होतो.

"उघडून दाखवा," मी म्हणाले.

दुकानदारानं शेठकडं बघितलं. शेठ म्हणाले, "दाखव की. ताई म्हणते तसं कर."

मी स्क्रू काढले, चुंबक लावून बघितले; तो चिकटला नाही, म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलचे होते. तारेच्या टोकाचं प्लास्टिक सोललं, तर आतलं तांबं पांढरट दिसलं, म्हणजे तार कलई केलेली होती. पडदे वेगळे विकत मिळतात का विचारलं. मिळत होते, तर एक जोडी जादा घ्यायला सांगितली. समुद्रातून येणारा कचरा अडवायला पंपाच्या आधी बसवायची जाळी घेतली, फ्यूज घेतला, जाड नळी घेतली. एवढं सगळं बघून दुकानदार म्हणाला, "कुठल्या बोटीवर बसवताय एवढं जपून?"

शेठनी बोटीचं नाव सांगितलं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला माहीत आहे. त्यानं पंप परत नीट बांधून दिला.

मी तो पंप जव्हारला आणला. बोटीवर लावण्याआधी काही दिवस चालवून बघायचा होता. पण आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हिकडं आण. मला बघू दे."

"आये, तिकडं पाणी कुठं आहे चालवायला?"

"आण म्हनते ना."

जूनची सुरुवात होती, पाऊस अजून नव्हता. सूर्यमाळच्या पाड्यांवर त्या दिवसांत पाण्याचे काय हाल असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. विहिरीच्या तळाशी गढूळ डबकं, आणि टँकर येईल तेव्हा येईल. आई आणि वहिनी पहाटे हंडे घेऊन झऱ्यावर जायच्या आणि वाटीवाटीनं भरून आणायच्या. अशा घरात मी पंप आणि बॅटरी घेऊन गेले. मनात ठरवलं होतं की आईला नुसता दाखवायचा, आवाज ऐकवायचा आणि परत घेऊन जायचं.

आईनं पंप मांडीवर घेतला, फिरवून फिरवून बघितला. "ह्यो पानी वढतो?"

"हो."

"मानसानं नुसतं उभं ऱ्हायचं?"

"हो. हातात नळी धरून."

ती उठली. घरात भरलेले हंडे होते, त्यातला एक उचलला आणि बाहेर येऊन रिकाम्या पिंपात ओतला. मी तिचा हात धरला. "आये, काय करतेस? प्यायचं पाणी आहे ते!"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आत जाऊन दुसरा हंडा आणला. वहिनी चुलीपाशी होती. तिनं बघितलं, वाटलं ती अडवेल. पहाटे तिनंच ते पाणी डोक्यावरून आणलं होतं. पण ती मिठाचं पुडकं घेऊन बाहेर आली.

वहिनीनं पिंपात मीठ टाकलं, हातानं ढवळलं. आईनं विचारलं, "समुद्राचं पानी एवढं खारट आसतं?"

वहिनीनं बोट बुडवून जिभेला लावलं. लग्नानंतर एकदा दादानं तिला बंदरावर नेलं होतं. दिवसभर फिरवून संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवलं होतं. ती म्हणाली, "ह्याच्याहून खारट." आणि अजून दोन मुठी टाकल्या. पुन्हा चाखलं. "आता हाय तसं."

मी नळ्या जोडल्या, तारा बॅटरीला लावल्या. पंप थोडा वेळ कोरडा घरघरला, मग त्यानं पाणी पकडलं आणि आवाज बदलला. नळीचं दुसरं टोक आईच्या हातात दिलं आणि चाप दाबायला सांगितलं. पाण्याची धार जोरात उडाली. आई दचकून मागं सरकली, मग तिनं दोन्ही हातांनी नळी धरली. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी नळीचं तोंड परत पिंपात वळवायला सांगत होते. तिनं ऐकलं नाही. दारासमोरच्या मोठ्या दगडावर तिनं धार धरली. दगडावरची सगळी धूळ वाहून गेली.

आईनं चाप सोडला. पंप थांबला. ती त्या ओल्या दगडाकडं बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी बॅटरीच्या तारा काढल्या.

"एवढंच व्हतं, बाय? एवढंसं यंत्र?"

वहिनी तोंडाला पदर लावून घरामागं गेली. दादा गेला त्या दिवसापासून मी वहिनीला रडताना पाहिलं नव्हतं. ती काम करत राहिली होती. लाकडं, पाणी, चूल, गोठा. आता ती घरामागं गेली आणि तिचा आवाज ऐकू आला. आई जागची हलली नाही. नळी हातात घट्ट धरून तशीच दगडासमोर उभी राहिली. शेवटी मीच जाऊन तिच्या हातातून नळी सोडवून घेतली.

त्या दिवशी शेजारच्या घरांनी एकेक कळशी पाणी आणून दिलं. पंप मी आठवडाभर तिथंच ठेवला, त्याच खाऱ्या पाण्यात. रोज थोडा वेळ चालवायचा, बंद करायचा, ओला तसाच ठेवायचा. पाणी पिंपातून पिंपातच फिरत होतं. शेवटच्या दिवशी उघडला. कुठं गंज नव्हता, तार स्वच्छ होती.

ऑगस्टच्या आधी मी तो बसवायला बंदरावर गेले. बोट अजून वाळूवर होती, नव्यानं रंगवलेली. सुतारानं तळाला भोक पाडून पितळी कॉक, म्हणजे पाणी बंद करायची तोटी, बसवून ठेवला होता. मी बोटीजवळ जाऊन थांबले. बोटीवर बायका सहसा चढत नाहीत, हे दादानंच सांगितलं होतं. शेठ वरून म्हणाले, "ये ताई. तुझ्या भावाची जागा आहे." वावरच्या खलाशानं वरून हात दिला.

बोट माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान होती. दादाच्या बोलण्यातून मी एक मोठी बोट मनात धरली होती. प्रत्यक्षात चार माणसं झोपली तर पाय लागतील एवढी जागा. कडा गुडघ्याहून थोडीशीच वर.

मी खलाशाला विचारलं, "कुठं उभा होता?"

तो मागच्या बाजूला, उजवीकडं गेला आणि एका फळीवर हात ठेवला. मी तिथं जाऊन उभी राहिले. कडा माझ्या अर्ध्या मांडीलाही पोचत नव्हती. दादा माझ्याहून हातभर उंच. खाली वाळू होती, सुतारानं पाडलेल्या लाकडाच्या ढलप्या होत्या, एक कुत्रं झोपलं होतं. मग मी म्हणाले, "पंप आतल्या बाजूला, उंचावर लावू. खाली साचलेलं पाणी लागायला नको."

काम करताना बरं वाटत होतं. तारा ओढल्या, फ्यूज बॅटरीजवळ बसवला, प्रत्येक जोडावर ग्रीस लावलं. जाळी अशा जागी लावली की हात घालून काढता यावी. मग सगळ्या खलाशांना बोलावून सांगितलं. रोज जाळी साफ करायची. बंदरात आल्यावर मीठ धुऊन जायला बालदीभर गोडं पाणी यातून काढायचं. आणि पंप बंद पडला, काहीही झालं, बालदी टाकायची वेळ आली, तर आधी बोट थांबवायची. इंजिन न्यूट्रल. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. घाई असली तरी नाही.

तांडेल मागं उभा होता. बोट जोरात सोडली होती ती त्यानंच. त्या दिवसानंतर तो आमच्या घरी आला नव्हता. तो पुढं झाला, पण माझ्याकडं न बघता म्हणाला, "थांबवीन. मी थांबवीन बोट."

मी मान हलवली. त्याहून जास्त मला जमलं नाही.

बोट पाण्यात गेली त्या दिवशी मला यायचा निरोप होता. मी गेले नाही. शेठनी फोनवर व्हिडिओ पाठवला. पंप चालू होता, वावरचा खलाशी डेक धुवत होता, पाणी बाजूच्या भोकांतून समुद्रात परत पडत होतं. कॅमेऱ्याकडं बघून तो हसला नाही. मी तो व्हिडिओ वहिनीला दाखवला. आईला दाखवायला गेले तर ती म्हणाली, "मला नको." ती पिंपाजवळ उभी होती तेव्हाच तिनं जे बघायचं ते बघितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा सकाळी वावरच्या खलाशाचा फोन आला. मी दुकान उघडत होते. फोनवर त्याचं नाव बघितलं. शटर अर्धं वर तसंच सोडून मी पायरीवर बसले.

"ताई, पंप पानी टाकत नाय. नुसता आवाज करतो."

"कुठं आहात?"

"बाहेर. परत निघालोय."

"बोट चालू आहे?"

"नाय. तांडेलानं थांबवलीय. म्हनला आधी ताईला फोन लाव."

मी जाळी काढायला सांगितली. पलीकडून वाऱ्याचा आवाज, कोणाचं तरी बोलणं, मग तो म्हणाला, "जेलीफिश भरलीय. फुल चिकटलीय."

"धुऊन परत लाव. कॉक बंद करून मग काढलीस ना?"

"व्हय."

फोन चालूच राहिला. पंपाची घरघर ऐकू आली, आणि मग पाणी पकडल्यावर बदलतो तसा आवाज बदलला. फळीवर धार पडल्याचा आवाज मला जव्हारच्या पायरीवर स्पष्ट ऐकू आला. "आलं, ताई," तो म्हणाला. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला इतकं रडू आलं की समोरच्या चहावाल्या काकू धावत आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या. कोणी गेलं नाही, असं मी त्यांना सांगत होते आणि रडत होते.

त्या आठवड्यात पाड्यावर गेले तेव्हा आई अंगणात नाचणी पाखडत होती. वहिनी अंगणवाडीत स्वयंपाकाला लागलीय, ती अजून यायची होती. मी आईजवळ बसले आणि फोनचं सांगितलं. पंप अडकला होता, तांडेलानं बोट थांबवली, जाळी धुतली, मग चालला.

सूप थांबलं. "बोट थांबवली?"

"हो."

"आन् समदी परत आली?"

"आली."

आईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं झालं त्यांचं." मग तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी दुसरं सूप घेतलं आणि तिच्या समोर बसले.